लांबलेली शांतता

मंगळवार, १४ तारीख

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तू मानत नाहीस हे ठाऊक आहे, तरी ठेव जवळ. जागा खात नाहीत.

आधी हिशेब. परवा रविवारच्या उपासनेत अण्णांची शांतता जरा लांबली. तिचा एकूण खर्च असा: अण्णांच्या चष्म्याची डावी काच, पुढची एक खुर्ची, माझा चांगल्यातला एक माईक, आईचा आवाज (ओरडून बसलाय, अजून घोगरा येतो) आणि तुझ्या वहिनीचा देवावरचा उरलासुरला विश्वास. अण्णांचं स्वतःचं काहीच गेलं नाही, असं अण्णांचं म्हणणं. डॉक्टरांचं म्हणणं निराळं आहे, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र.

घाबरू नकोस. ते घरी आहेत. खाटेवर बसून एका काचेतून माझ्याकडे बघत ओरडतायत, म्हणजे तब्येत ठीक म्हणायची.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस, आणि मला त्या "हं"मधला राग ऐकू येतो, मग मीच गडबडतो. माझे कान तुला माहीत आहेत. सायकलवर कर्णे बांधून कार्यक्रम करत फिरायचो तेव्हापासून आजपर्यंत, एवढी सभागृहं वाजती केली, पण अजून रस्त्यावर उभं राहून सांगतो की आतला कोणता स्पीकर घसा धरतोय. धंद्यातले लोक मला उगाच कानसेन म्हणत नाहीत. शाळा अर्धवट सोडली, पण या दोन कानांवर घर बांधलं, गाडी घेतली. या कानांतून काही सुटत नाही.

तर झालं असं. शांततेचा भाग तुला आठवत असेलच, तू कशी विसरशील. गाणी आणि वाचन संपलं की अण्णा पुढे खुर्चीवर बसतात, मान खाली घालतात, आणि सगळं प्रार्थनाघर डोळे मिटतं. अण्णा "उठा" म्हणेपर्यंत कुणी मान वर करायची नाही, खोकायचं नाही, हलायचं तर नाहीच. किती वेळ, ते अण्णांच्या मनावर.

त्या दिवशी "उठा" आलंच नाही.

आणि कुणालाही काही वाटलं नाही, ठमे! माझं डोकं फिरतं ते इथे. भरलेलं प्रार्थनाघर, शिकलेसवरलेले लोक, त्यात दोन तर औषधांचे दुकानदार, आणि सगळे माना खाली घालून मनात म्हणतायत, वा, आज अण्णा रंगलेत. पुढ्यात माणूस खुर्चीतल्या खुर्चीत विझतोय आणि हे त्याला दाद देतायत. नंतर खजिनदार हॉस्पिटलात आले होते. मला वाटलं, माणूस विचारपूस करेल. ते अण्णांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अण्णा, अशी शांतता आयुष्यात कधी अनुभवली नव्हती. माझं तर अंग हलकं झालं." अण्णांचा चेहरा असा फुलला की नर्सनं येऊन बघितलं.

मी मागे माझ्या टेबलाशी होतो, कानांवर हेडफोन. मग लक्षात आलं, धावाधाव झाली, अण्णा खुर्चीवरून घसरले ते माईकसकट. ओठ काळे पडले होते. गाडीत मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. अर्ध्या वाटेवर त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "शांतता कुणी मोडली?"

डॉक्टर बाई तुझ्याएवढी असेल, आणि तुझ्यासारखीच तोंडावर बोलते. रात्रभर छातीला तारा लावून ठेवल्या आणि सकाळी कागद पुढे धरला. "यांचे ठोके मधेच थांबतात. पुन्हा सुरू होतात म्हणून हे इथे आहेत. एखाद्या वेळी होणार नाहीत. पेसमेकर बसवा. छोटं ऑपरेशन आहे, पण लांबवू नका."

अण्णा म्हणाले, "हॉस्पिटलात कुणाचे ठोके नीट पडतात? बिल बघूनच थांबत असतील."

"आजोबा, तुम्ही बेशुद्ध पडला होता."

"मी पडलो नाही, मला पाडलं. मी प्रार्थनेत होतो. मला सगळं आठवतं."

"काय आठवतं?"

"ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही."

ती माझ्याकडे बघते, मी छताकडे. आणि वर अण्णा, जन्मभर शिवणयंत्रावर बसलेला माणूस, मला सांगतात, "अंगाला शिवण घालायची तर कापड माझं आहे. शिंप्याला विचारल्याशिवाय कात्री चालवायची नाही." स्वतःच्या सहीनं घरी आले. येत्या नाही, पण त्यापुढच्या रविवारी उपासनेला बसणार म्हणतात. हा रविवार सोडलाय तोही माझ्या किंवा डॉक्टरच्या शब्दाखातर नाही, चष्म्याशिवाय वाचन जमत नाही म्हणून. चष्मेवाल्याला मी गुपचूप सांगून आलोय, घाई करू नकोस, काच परदेशातून येतेय म्हणून सांग.

आता तुझं काम. तू फोन कर त्यांना. तुमचं दोघांचं काय झालं ते मला माहीत आहे. तू शांततेतून उठून गेलीस, गोठ्यात गाय अडली होती, तुला जावंच लागलं. आणि अण्णांनी माईकवरून सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं की ज्यांना थांबणं जमत नाही त्यांनी येऊ नये. मान्य. तेव्हापासून तुम्ही दोघं एकमेकांची विचारपूस माझ्यामार्फत करता, आणि मी दोन्हीकडचे टोमणे गाळून निरोप पोचवतो. कंटाळा आलाय मला या हमालीचा. घरात त्यांच्या तोडीस तोड हट्टी तू एकटी आहेस. माझं ते ऐकत नाहीत, कारण मी त्यांच्याशी भांडत नाही. तुझं ऐकतील. निदान तुझ्यावर चिडतील तरी.

आणि हवं तर सांग त्यांना, दादाकडे रेकॉर्डिंग आहे. दर रविवारचं मी ठेवतोच. माईक त्यांच्या तोंडापाशी होता. श्वास कुठे अडकला ते माझ्या कानांना स्वच्छ कळतं.

लवकर कर.

तुझा
कानसेन दादा


शनिवार, २५ तारीख

प्रिय ठमे,

तुझ्या फोनबद्दल काय लिहू. मी पलीकडच्या खोलीत होतो, मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. तू बरी सुरुवात केली होतीस, "अण्णा, कसे आहात?" असं. मग त्यांनी विचारलं, "आज बरी आठवण झाली?" तिथे गप्प बसली असतीस तर! पण नाही. "आठवण यायला तुम्ही जिवंत राहायला हवं, बसवून घ्या ते मशीन." त्यावर ते, "तू उठून गेलीस तेव्हा मला विचारलं होतंस?" त्यावर तू, "गाय मरत होती, अण्णा!" त्यावर ते, "मी मरत नाहीये," आणि फोन ठेवला. वर मला बोलावून म्हणाले, "तुझी बहीण जनावरांची डॉक्टर आहे. मी अजून तिच्या खात्यात आलेलो नाही."

माझं चुकलं. दोन काड्या एकमेकींवर घासायला मीच दिल्या आणि उजेड पडेल म्हणून बसलो.

त्यानंतर तुझा तो निरोप आला. दोन गोष्टी विचारल्यास. पहिली, रेकॉर्डिंग मला पाठव, श्वासाचं मला कळतं. दुसरी, "'मग लक्षात आलं' असं लिहिलंयस, म्हणजे कुणाच्या?" तुला लहानपणापासून बरोब्बर तिथेच बोट ठेवायची खोड आहे.

दुसरीचं उत्तर आधी देतो. आईच्या.

हो, आपल्या आईच्या, जिच्या उशाशी ढोल वाजवला तरी कूस बदलत नाही तिच्या. आता कळलंय ते असं, की तिला "उठा" ऐकूच येत नाही, कित्येक वर्षं येत नाही. सगळे उभे राहिले आणि आपण एकटीच बसलो असं एकदा झालं म्हणे, फार लाज वाटली. तेव्हापासून ती पहिल्या रांगेत बसते आणि शांतता सुरू झाली की डोळे उघडे ठेवून अण्णांच्या ओठांकडे बघत राहते. हलले की उठायचं. एवढ्या वर्षांत कुणाला पत्ता नाही, कारण बघायला दुसऱ्या कुणाचे डोळे उघडे हवेत ना! त्या दिवशी तिनं बघितलं की ओठांचा रंग बदलतोय. ती उठली आणि किंचाळली. स्वतःचा आवाज तिला कळत नाही, त्यामुळे किंचाळली ती अशी की माझ्या स्पीकरनाही कधी जमलं नाही. मग त्यांचे खांदे धरून हलवायला लागली. ते घसरले, चष्मा, खुर्ची, माईक सगळं गेलं, आणि डॉक्टर म्हणते त्या हलवाहलवीत आणि आडवं पडण्यातच ठोके परत आले असावेत.

अण्णांना हे कळल्यावर त्यांनी काय करावं? आभार? दोन दिवस बोलले नाहीत तिच्याशी. पडण्याचा राग नाही, पाडण्याचाही नाही. "म्हणजे तू इतकी वर्षं डोळे उघडे ठेवून बसतेस?" असं विचारत होते, जणू संसारातच फसवणूक झाली. आई आधी ऐकूच आलं नाही असं दाखवत राहिली. मग म्हणाली, "तुमचे मिटल्यावर कुणाचे तरी उघडे हवेत." आणि वाटी-चमचा घेऊन आत गेली.

तुझी वहिनी तेव्हापासून हसतेय. मला हसू येत नाही. मी संतापलोय, ठमे. कुणावर ते विचारू नकोस अजून.

काल चष्मेवाल्यानं हात टेकले. म्हणाला, "साहेब, तुमचे वडील रोज दुकानात माणूस पाठवतात. परदेशातून काच पायी चालत येतेय का, असं विचारलं त्यांनी." चष्मा घरी आला. अण्णांनी तो पुसला, डोळ्यांवर चढवला, वाचनाचं पुस्तक काढलं आणि रविवारसाठी खुणेचे कागद घालायला बसले. खजिनदारांचा फोनही येऊन गेला होता. लोक वाट बघतायत म्हणे, मागच्या वेळी अर्धवट राहिलेली शांतता पूर्ण करायची आहे. मला त्या माणसाला फोनमध्ये हात घालून ओढून काढावंसं वाटलं.

संध्याकाळी मी लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. दार लोटून घेतलं.

"काय आहे?"

"रेकॉर्डिंग. त्या रविवारचं. तुम्ही म्हणता तुम्ही शुद्धीत होता. बघू."

"लाव," ते म्हणाले, अगदी खुशीत. "श्वास ऐक माझा. माझ्या श्वासावर सगळं प्रार्थनाघर श्वास घेतं. खजिनदार सांगतात ना."

मी हेडफोन माझ्याच कानांवर चढवले. त्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, "तुम्हाला नाही ऐकू येणार. फार बारीक आहे. त्याला माझे कान लागतात." यावर त्यांनी हात मागे घेतला. तुला माहीत आहे, तोंडावर कधी म्हणणार नाहीत, पण कपडे शिवायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी सांगितलंय, माझ्या मुलाला मुंगी चालली तर कोणत्या पायानं लंगडते ते कळतं.

मी सुरू केलं. डोळे मिटले. "हा वाचनाचा शेवट. पुस्तक मिटलं. आता तुम्ही बसलात." ते बघत होते. "श्वास. बरोबर आहे. श्वास. हाही बरोबर." मी थांबलो. "इथे जरा जड झालाय. नाकातून शीळ येतेय. पुढचा उशिरा आलाय. अजून उशिरा." मग मी बोलायचं थांबवलं.

"पुढे?" ते म्हणाले.

मी हेडफोन कानांवर आणखी घट्ट दाबले.

"अरे, पुढे सांग ना!"

"पुढे नाही," मी म्हटलं. "पुढे काही नाही, अण्णा. आईचं ओरडणं येईपर्यंत काहीच नाही."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते खोटं नव्हतं. काहीच नसलेलं ऐकत बसणं किती वाईट असतं ते मला पहिल्यांदा कळलं.  अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि त्या नव्या काचेवर बोट फिरवत राहिले, जसं कापडाचा पोत बघायचे तसं.

"आणि मला वाटलं," ते म्हणाले, "इतकं शांत कधी वाटलं नव्हतं. मला वाटलं, आज पोचलो."

मी उठून पाणी दिलं. घोटभर प्यायले.

"त्या पोरीला सांग," ते म्हणाले. मला वाटलं डॉक्टरबद्दल बोलतायत. "कोणत्या?" "आपल्या. तिला म्हणावं, ऑपरेशनला ये. गाय अडली असली तर गाय व्याल्यावर ये. पण ये." आणि मग लगेच नेहमीचे झाले, "आणि त्या बाईला सांग, टाके बारीक घाल. वरून घातलेली शिवण दिसता कामा नये."

मंगळवारी सकाळचं ठरलंय. हे कुरिअरने पाठवतोय म्हणजे उद्या परवा हातात पडेल. तू सोमवारीच निघ. येताना जुनी भांडणं आणू नकोस, इथे पुरेशी आहेत. आईसाठी कानाचं यंत्र घ्यायचं आम्ही म्हणतोय, पण ती नको म्हणते. म्हणते, मला दिसतं तेवढं पुरे. तुझी वहिनी तुझी खोली आवरतेय.

रविवारी उपासनेला अण्णा जाणार नाहीत. खजिनदारांना मीच कळवलं. ते म्हणाले, "मग शांततेचं काय?" मी म्हटलं, "ती तुम्ही घ्या, पण एक माणूस डोळे उघडे ठेवून बसवा." त्यांना ते आवडलं नाही. आवडू दे नाहीतर न आवडू दे.

आता राहिली तुझी पहिली गोष्ट. तू आलीस की पहिल्याच तासात लॅपटॉप मागशील, आणि अण्णा शुद्धीवर आले की तेही तुझ्या हातात हेडफोन देतील, "हिला ऐकव" म्हणून. तुझे कान बरे आहेत. गाईच्या पोटातलं ऐकतेस तू. तेव्हा आल्यावर आधी मला एकट्याला गाठ, आणि त्यांच्यासमोर तोंड उघडू नकोस. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तुला आठवतं, तू लहान असताना एकदा शांततेत अण्णांचं पोट स्पीकरमधून गुरगुरलं होतं आणि तू खुदकन हसलीस, मग सगळं प्रार्थनाघर हसलं? अण्णा आठवडाभर जेवताना मान वर करत नव्हते. तेव्हापासून शांतता सुरू झाली की मी माझ्या टेबलावरून त्यांच्या माईकचा आवाज पूर्ण खाली ओढतो आणि ते "उठा" म्हणायला मान उचलतात तेव्हा परत वर घेतो. त्यांना हे माहीत नाही. त्यांना वाटतं, लोक त्यांच्या श्वासावर श्वास घेतात. लोक आपापला घेतात. रेकॉर्डिंगही त्याच माईकवरून होतं, म्हणजे तेवढा वेळ तेही मुकं.

त्या दिवशीही मी तो खाली ओढला होता. हेडफोनमध्ये काही नव्हतं, आणि काही नसणं ही तर माझीच कामगिरी, म्हणून मी मागे आरामात बसून होतो. रेकॉर्डिंगमध्ये वाचनाचा शेवट आहे, पुस्तक मिटल्याचा आवाज आहे, आणि त्यानंतर काही नाही. आईचं ओरडणंसुद्धा नाही.

तुझा
दादा